नोटर डेमचं अणुविज्ञान: विद्यापीठाच्या नावाने शोधू नका

अमेरिकेतल्या नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठातल्या अणुविज्ञानावर प्रबंध घेतलाय, विषय 'चर्च विरुद्ध अणुबॉम्ब', आणि जिथे विचारावं तिथून 'नोंद नाही' एवढंच उत्तर येतंय, ही तुमची पोस्ट वाचली. मी यातून गेलोय. अर्ज कसा करायचा वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका अभिलेख कार्यालयाने. नाव घेत नाही. त्यांनी विद्यापीठाचं नाव टाकून शोधलं आणि 'निरंक' कळवून मोकळे झाले. पुन्हा विचारलं की दुसऱ्या विभागाकडे बोट, तो विभाग परत यांच्याकडे. फाइल होती, पण शास्त्रज्ञाच्या आडनावाखाली! एक आडनाव टाकून बघायला यांचं काय जात होतं?

म्हणून माणसं धरा. जॉर्ज कॉलिन्स, बर्नार्ड वाल्डमन आणि व्हिएन्नाहून आलेले यूजीन गूथ. या तिघांनी 1939 मध्ये इलेक्ट्रॉनचा मारा करून बेरिलियमचं केंद्रक फोडल्याचं प्रसिद्ध केलं, तेही कॅम्पसवरच्या त्वरकावर (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र). पुढचा त्वरक युद्धात मॅनहॅटन प्रकल्पाच्या, म्हणजे अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवण्याच्या प्रकल्पाच्या, कामी लागला. वाल्डमन तर 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावरच्या निरीक्षण विमानात वेगवान कॅमेरा घेऊन बसले होते. त्यातून हाती काहीच लागलं नाही, हा भाग वेगळा. युद्धानंतर मिल्टन बर्टन त्याच प्रकल्पातून आले आणि रेडिएशन लॅब उभी राहिली, अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर. पैसा ज्याचा, कागद त्याच्याकडे. तो आयोग 1975 मध्ये बंद झाला, पण आधी त्याचेच कागद शोधा.

आता स्पष्टच बोलतो: ते 'विरुद्ध' काढून टाका. फादर हेसबर्ग 1952 ते 1987 विद्यापीठाचे अध्यक्ष होते, आणि त्यातली कित्येक वर्षं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत व्हॅटिकनचे प्रतिनिधीही. चर्च आणि अणू एकाच माणसाच्या टेबलावर होते, तिथे कुस्ती कसली लावताय? अर्थात मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. गाइड वेगळं म्हणाले तर त्यांचंच ऐका, सही त्यांची लागते.

आणि एक: मराठीत लेख करणार असाल तर त्याच रेडिएशन लॅबमधले प्रशांत कामत मुंबई विद्यापीठाचे पीएचडी आहेत. संपादकांना असा धागा लागतोच.