गोळ्या लपवून हार्मोन्स मागू नकोस

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. तू ट्रान्स आहेस, जन्मावेळी ठरवलेलं लिंग तुझं नाही, आणि त्यासाठी तुला हार्मोन सुरू करायचेत. बायपोलरच्या, म्हणजे मूड दोन टोकांना जाण्याच्या आजाराच्या, गोळ्या चालू आहेत हे हार्मोनच्या डॉक्टरांना सांगायचं की नाही, हा तुझा खरा प्रश्न. सांग. पहिल्याच भेटीत सांग.

सांगितलं की दार बंद होईल, ही भीती उगाच आलेली नाही. एके काळी ट्रान्स असणं हाच मनोविकार धरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीने ते मनोविकारांतून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेलं. ही यादी २०२२पासून लागू झाली. ट्रान्स आरोग्याच्या तज्ज्ञांची जागतिक संघटना आहे, डब्ल्यूपॅथ. मानसिक आजार असेल तर तो बऱ्यापैकी आटोक्यात हवा, अशी अट त्यांच्या मार्गदर्शक सूचनांच्या सातव्या आवृत्तीत होती. आठवी २०२२मध्ये आली. तिचा भर आजाराचा उपचारावर काय परिणाम होईल हे तपासून, फायदे-धोके तुझ्याशी बोलून निर्णय घेण्यावर आहे. फाइलवर नैराश्य किंवा बायपोलर लिहिलंय, एवढं कारण नकाराला पुरत नाही. तरीही काही डॉक्टर तेवढ्यावरच नकार देतात, हेही खरं.

डॉक्टरांना बघायचं असतं ते हे की, आपण काय घेतोय हे तुला उमगतंय का. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनने घोगरा झालेला आवाज औषध थांबवल्यावर पुन्हा पातळ होत नाही. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनने वाढलेली छाती आपोआप जात नाही. मूल होण्याच्या क्षमतेचा विचार आधी करावा लागतो. मॅनिया, म्हणजे बायपोलरमधला अतिउत्साहाचा टप्पा, भरात असताना हा हिशेब मनात नीट बसत नाही, म्हणून तेव्हा थोडं थांबवणं मला रास्त वाटतं. मात्र थांबायला सांगितलं तर विचार: कशासाठी, कधीपर्यंत, काय सुधारलं की पुन्हा यायचं? याची उत्तरं मिळाली नाहीत, तर तो गोड शब्दांतला नकार समज आणि दुसरा डॉक्टर शोध.

लपवण्यातला धोका औषधांतच आहे. इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिन या बायपोलरच्या गोळीची रक्तातली पातळी खाली येऊ शकते, म्हणजे गोळी रोज घेऊनही मूड ढासळायचा. कार्बामाझेपिन या दुसऱ्या गोळीचं उलट: ते इस्ट्रोजेनच लवकर संपवतं. टेस्टोस्टेरॉन रोखायला देतात त्या स्पायरोनोलॅक्टोनसोबत लिथियम या बायपोलरच्या औषधाची पातळी चढू शकते, आणि चढलेलं लिथियम विषासारखं वागतं. हे सगळं सांभाळता येतं. डोस बदलतात, रक्त तपासतात. पण ठाऊक असेल तरच. 'स्वच्छ' दिसण्यासाठी गोळ्या बंद करणं तर त्याहून घातक. ऑनलाइन मागवून स्वतःच सुरू करण्याचा विचारही सोड.

तुझ्या मानसोपचारतज्ज्ञांकडून चिठ्ठी घे. तीत निदान, चालू औषधं डोससकट, सध्याची स्थिती आणि निर्णय घेण्याची क्षमता आहे की नाही, एवढं असू दे. तुझ्या ट्रान्स असण्यावर निकाल देणारा परिच्छेद नको. चिठ्ठी दोन्ही डॉक्टरांकडे जाऊ दे. हार्मोन सुरू झाल्यावर झोप कमी व्हायला लागली, तर ती मॅनियाची चाहूल असू शकते; पुढच्या तारखेची वाट न बघता दोघांनाही कळव.

तुझी,
ताई