फीडर रिकामा चालेल, अस्वच्छ नको

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या अंगणात नळीच्या आकाराचा बर्ड फीडर टांगला आहे आणि नोव्हेंबरपासून त्यावर पक्ष्यांची चांगलीच वर्दळ असते. परवा एक तपकिरी फिंच पिसे फुलवून बराच वेळ त्यावर बसून होता. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता आणि भोवती खपली धरली होती. त्याला काय झाले असावे? शिवाय डिसेंबरअखेर आम्ही महिनाभर पुण्याला येणार आहोत. ऐन बर्फात दाणा बंद झाला तर पक्ष्यांचे हाल होतील का? स्वस्त मिश्रणातले तांबूस दाणे पक्षी खाली का टाकतात, आणि सासूबाई उरलेली पोळी व शेव घालतात ते योग्य आहे का, हेही कळवावे.
— एक वाचक, एडिसन

उत्तर : आपला पहिला प्रश्न तातडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. आपण केलेले वर्णन हाउस फिंच या पक्ष्याच्या नेत्ररोगाशी जुळते. मूळचा पश्चिम अमेरिकेतला हा पक्षी १९४० मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पिंजऱ्यातून सोडला गेला आणि तेथून पूर्व अमेरिकेत सर्वत्र पसरला. १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या परिसरात सुजलेल्या डोळ्यांचे फिंच दिसू लागले आणि तपासाअंती त्याचे कारण निघाले ते कोंबड्या व टर्की यांना होणारा मायकोप्लाझ्मा नावाचा जिवाणू. आजारी पक्ष्याला धड दिसत नसल्यामुळे तो आयत्या दाण्याची जागा सोडत नाही. नळीच्या भोकात डोके घालताना भोकाची कड त्याच्या डोळ्याला घासते, आणि त्याच्या पाठोपाठ आलेला निरोगी पक्षी त्याच कडेतून डोके आत घालतो. माणसांना या रोगाची भीती नाही. परंतु अंगणातला फीडर हाच त्याच्या फैलावाचा अड्डा होऊ शकतो.

म्हणून फीडर आजच उतरवावा. आतला दाणा पक्ष्यांना न घालता फेकून द्यावा, सगळे भाग सुटे करून साबणाच्या पाण्याने व ब्रशने घासावेत, आणि एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवून ठेवावेत. त्यानंतर ते भरपूर पाण्याने धुऊन खडखडीत वाळू द्यावेत, कारण ओलसर नळीत भरलेल्या दाण्याला तळाशी बुरशी येते आणि ती पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक ठरते. खाली साठलेली टरफले व विष्ठाही झाडून काढावी. हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नये आणि हातमोजे घालावेत, कारण पक्ष्यांच्या विष्ठेतला साल्मोनेला हा जिवाणू माणसालाही बाधतो. फीडर दोन आठवडे तरी पुन्हा टांगू नये, म्हणजे पक्षी पांगतील. एरवीही दर पंधरवड्याला, आणि पावसाळी हवेत त्याहून लवकर, अशी धुलाई व्हायला हवी. आजारी पक्षी पकडून घरी सांभाळणे तेथील कायद्यात बसत नाही. तो हाती लागण्याइतका अशक्त झाला असेल, तर परवानाधारक वन्यजीव पुनर्वसन केंद्राला कळवावे.

महिनाभराच्या गैरहजेरीची मात्र चिंता नसावी. विस्कॉन्सिनमध्ये ब्लॅक-कॅप्ड चिकडी या जेमतेम अकरा ग्रॅम वजनाच्या पक्ष्याचा या दृष्टीने अभ्यास झाला आहे. वर्षानुवर्षे दाणा मिळत असलेल्या ठिकाणचे फीडर काढून घेतले, तरी तेथील चिकड्या कधीच फीडर न पाहिलेल्या चिकड्यांइतक्याच संख्येने हिवाळ्यातून तगल्या. फीडर असतानाही त्या आपले बहुतेक अन्न झाडांच्या साली धुंडाळून मिळवतात, शिवाय शरद ऋतूत जागोजागी बिया दडवून ठेवतात. कडाक्याच्या थंडीत आयता दाणा त्यांना निश्चित उपयोगी पडतो, पण त्यांचे जगणे त्यावर टांगलेले नसते. तेव्हा जाताना फीडर रिकामा करून, धुऊन गॅरेजमध्ये ठेवावा. शेजाऱ्यांना भरायला सांगणार असाल तर धुवायलाही सांगावे, आणि तेवढी गळ घालणे अवघड वाटत असेल तर भरायलाही सांगू नये.

ते तांबूस दाणे म्हणजे बहुधा ज्वारी. आपल्याकडे पाखरांपासून कणसे राखण्यासाठी गोफण घेऊन माचाणावर बसावे लागते. पण कार्डिनल, चिकडी, टिटमाउस ही तेथील मंडळी ज्वारी चोचीने बाजूला सारून सूर्यफूल शोधतात. मिश्रणाचे वजन वाढवायला ती स्वस्त पडते, इतकेच. त्याऐवजी पातळ टरफलाचे, तेलाचे काळे सूर्यफूल घ्यावे. महाग वाटले तरी वाया कमी जाते. करड्या जुंको पक्ष्यांना जमिनीवर टिपायला आवडते, त्यांच्यासाठी पांढरी वरी मूठभर पसरावी. गोल्डफिंचसाठी ‘नायजर’ नावाने विकले जाणारे बारीक काळे बी म्हणजे आपण ज्याची चटणी करतो ते कारळे होय, आणि ते भारतातूनही तेथे जाते. त्यात मिसळलेले तणाचे बी रुजू नये म्हणून ते उष्णता देऊनच विकतात.

शेव मुळीच घालू नये, कारण तिच्यातले मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही. पोळीने पोट भरते, पण थंडीत लागणारी चरबी तिच्यातून मिळत नाही आणि रात्री उरलेल्या तुकड्यांवर उंदीर येतात. सासूबाईंचे मन मोडू नये असे वाटत असेल, तर त्यांच्या हाती बिनमिठाचे शेंगदाणे द्यावेत. सुतार पक्षी आणि ब्लू जे त्यावर तुटून पडतात, आणि गाईच्या चरबीच्या वड्या टांगणे ज्या घरांना रुचत नाही त्यांचीही त्यामुळे सोय होते.

आपण जागेविषयी विचारले नाही, तरी परतल्यावर फीडर टांगताना खिडकीपासूनचे अंतर पाहावे. काचेवर आपटून अमेरिकेत दरवर्षी कोट्यवधी पक्षी मरतात. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत असेल तर दचकून उडालेल्या पक्ष्याला जीवघेणा वेग घ्यायला वाव मिळत नाही. तितक्या जवळ टांगणे शक्य नसेल, तर तो नऊ मीटरांहून दूर असावा.