शाळेतली खार धीट, गडावरची बुजरी?

प्रश्न: शाळेच्या आवारातल्या खारी मुलांना भीत नाहीत, अजिंक्यताऱ्यावरच्या मात्र लांबूनच पळतात. सातवीच्या मुलांकडून ही तुलना नीट कशी करून घ्यावी? – एक शिक्षिका, सातारा

उत्तर: आधी दोन्हीकडची जात एकच आहे ना, ते पाहा. पाठीवरचे पट्टे तीन की पाच, दुर्बिणीतून मोजा. (कोयनेच्या जंगलातला शेकरू या तुलनेत नको, तो झाडाच्या शेंड्यांवरच राहणारा.)

धिटाई मोजायला जमिनीवर खाणारी खार निवडा. दर वेळी एकाच मुलाने नेहमीच्या चालीने थेट तिच्याकडे जावे. ती पळताक्षणी मुलाने थांबून पायाशी एक खडा ठेवावा, खार होती तिथे दुसरा; मधले अंतर टेपने मोजा. सर्वात जवळचे झाड खारीपासून किती लांब होते, तेही लिहा. नेमके हेच राहून जाते. बुंध्याशी बसलेली खार उशिरा पळते, उघड्यावरची लवकर. मग शहर-गड हा फरक न मोजता झाडांची जागाच मोजली जाते.

प्रत्येक ठिकाणी निदान 20 नोंदी, सकाळी 7 ते 9 मध्येच. भर उन्हात खारी सावलीत पडून असतात. तीच खार पुन्हा मोजली जाऊ नये म्हणून पुढची नोंद 50 मीटर सरकून घ्या.

वागणुकीसाठी पाच मिनिटे गप्प बसा, मग 10 मिनिटे दर 30 सेकंदांनी एकच अक्षर लिहा: खा (खाणे), धा (धावणे), सा (सावध), ओ (ओरडणे). शेपटी झटकत चिक्-चिक् सुरू झाली तर आसपास मांजर किंवा शिक्रा आहे का ते पाहा. शेंगदाणे अजिबात टाकू नका, सगळी नोंद वाया जाते.