लग्नाच्या फोटोंना लग्नाचीच तारीख

प्रश्न : आईवडिलांचं लग्न १२ मे १९६८चं. त्या अल्बमपासून पुढचे घरचे सगळे फोटो मी स्कॅन केले. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. फोल्डर तारखेने लावलं की लग्न, बारसं, मुंज, सगळं स्कॅन केलं त्याच आठवड्यात उरकल्यासारखं दिसतं. फाइलची तारीख बदलता येते का? टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, थोडी सवय आहे.
– निवृत्त शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, येते, आणि जरूर बदला. घरचे फोटो काळाच्या क्रमाने समोर आले की नातवंडंसुद्धा थांबून बघतात.

कमांडचं नाव टच. तिच्यापुढे मायनस टी, मग तारीख-वेळ सलग आकड्यांत, शेवटी फाइलचं नाव. सगळं इंग्रजीत टाइप करायचं. क्रम वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं. आईवडिलांच्या लग्नाच्या फोटोला १९६८०५१२१६००. वर्ष चारही आकडी लिहा. नुसतं ६८ लिहिलंत तर टच ते २०६८ धरते. ६९पासून ९९पर्यंतच ती १९००च्या शतकात जाते. म्हणजे नेमकं तुमचं वर्ष फसणारं आहे.

दुपारचे चार मी मुद्दाम घातले. फाइलची वेळ आत जागतिक वेळेत साठवली जाते आणि ज्या गावी बघाल तिथल्या घड्याळाने दिसते. मध्यरात्रीची वेळ टाकली तर कॅलिफोर्नियातल्या भाच्याला लग्न ११ मेचं दिसेल. आपले दुपारचे चार म्हणजे तिकडे त्याच दिवसाची पहाट.

मायनस सी हेही जोडा. नाहीतर नावात एक अक्षर चुकलं की टच गप्प बसून त्या चुकीच्या नावाची रिकामी फाइल तयार करते. शिवाय फोटो फिरवणं, कडा कापणं आधी आटपा. नंतर काहीही सेव्ह केलंत की तारीख पुन्हा आजची.

दिवस माहीत नसेल तर? फोटो पालथा करून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी पेन्सिलने तारीख असते. माझ्या आईच्या अल्बममध्ये निम्मी वर्षं अशीच सापडली. ती मागची बाजूही स्कॅन करा, माझा हा आग्रहच आहे. नुसतं वर्ष कळलं तर १ जानेवारी टाका. एकाच दिवशीच्या बाकी फोटोंना आकडे पुन्हा नकोत: मायनस आर, मग तारीख लावलेला फोटो, मग ज्यांना तीच तारीख द्यायची ते फोटो.

फाइलच्या सगळ्या तारखा दाखवणाऱ्या स्टॅट कमांडने पाहिलंत तर ‘चेंज’ या ओळीत आजचीच तारीख दिसेल. ती फाइलच्या नोंदीत शेवटचा बदल कधी झाला ते सांगते, टचने मागे जात नाही. फोल्डरचा क्रम ‘मॉडिफाय’ या ओळीतल्या, टचने बदललेल्या तारखेवर लागतो, त्यामुळे काळजी नको.

आता पेनड्राइव्ह. तो बहुधा फाइली साठवण्याच्या फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीचा असतो आणि त्यात १९८०च्या आधीची तारीख मावतच नाही. लॅपटॉपवर नीट लावलेलं १९६८ तिथे गळून पडेल. लॅपटॉपवरच दुसरीकडे प्रत काढताना सीपी या कॉपीच्या कमांडला मायनस पी द्या, म्हणजे तारीख टिकते. पण भावंडांना द्यायचे फोटो असतील तर तारीख नावातच घाला, वर्ष आधी: १९६८-०५-१२-लग्न-०१. हे नाव पेनड्राइव्हवरही तसंच राहतं आणि नावाने लावलं तरी क्रम तोच येतो.