पद्मिनीचे मंद दिवे आणि दीड लाखाची मुदत ठेव

प्रश्न: वडिलांनी 1986 मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी आजही चालवतो. घर वाईला आणि नोकरी साताऱ्याला असल्यामुळे महिन्यातून आठ-दहा वेळा परतताना रात्र होते. हेडलाइटचा उजेड इतका पिवळा आणि मंद आहे की समोरून वाहन आले की रस्त्याची कड दिसत नाही. इंजिनाचा वेग वाढवला तरी त्यात फरक पडत नाही. गॅरेजमध्ये 46,000 रुपयांचा अंदाज दिला आहे: संपूर्ण वायरिंग 28,000, एलईडी दिवे 9,000 आणि नवा अल्टरनेटर 9,000. घरखर्च महिना 55,000 असून हाती साधारण 9,000 उरतात. दीड लाखाची मुदत ठेव सात महिन्यांनी पिकेल. ती मोडावी, की 16 टक्क्यांनी वर्षभराचे वैयक्तिक कर्ज काढावे? गाडीची किंमत वाढणारच, तेव्हा ही गुंतवणूकच आहे, असे मित्र म्हणतात.

उत्तर: आपण दोन पर्याय विचारले आहेत आणि माझ्या मते दोन्ही आज नाकारावेत, कारण 46,000 रुपये लागणारच आहेत हे अद्याप कोणी मोजून सिद्ध केलेले नाही. निदानाआधी उपचाराचे पैसे उभे करण्याची घाई मी वैद्यकीय खर्चातही करू देत नाही.

जुन्या गाडीचे दिवे मंद होण्याचे कारण बहुधा बल्बमध्ये नसते. दोन दिव्यांना लागणारा सुमारे 9 अँपिअरचा प्रवाह बारीक जुन्या तारांतून, स्विचमधून आणि डीपरच्या झिजलेल्या संपर्कांतून फिरत दिव्यापर्यंत जातो व गंजलेल्या अर्थिंगमधून (बॅटरीकडे परतीच्या जोडणीतून) परततो, आणि या वाटेत प्रत्येक सांध्यावर थोडा थोडा व्होल्टेज गळतो. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज 10 टक्के घटला तर उजेड जवळपास 30 टक्के घटतो, 13.2 व्होल्टऐवजी 11.2 व्होल्टच पोहोचत असतील, तर चाळीस टक्क्यांहून अधिक उजेड वाटेतच संपलेला असतो. म्हणून एखाद्या विश्वासू ऑटो इलेक्ट्रिशियनकडून इंजिन चालू आणि दिवे लावलेले असताना तीन मोजण्या करून घ्या: बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट आहेत, बल्बच्या होल्डरवर (बल्ब जोडलेला असतानाच) किती आहेत, आणि होल्डरची अर्थिंग व बॅटरीचे ऋण टोक यांत किती फरक आहे. या कामाला मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो.

बॅटरीवर साडेतेराच्या वर व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे आणि 9,000 रुपयांचा अल्टरनेटर यादीतून वगळता येतो. वेग वाढवल्यावर उजेड बदलत नाही हे आपले निरीक्षणही त्याच दिशेने बोट दाखवते, जरी त्यावर एकट्यावर मी निर्णय सोडणार नाही. बॅटरी आणि होल्डर यांत एक-दोन व्होल्टचा फरक आढळला, तर उपाय आहे रिले, म्हणजे बारीक प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सुरू-बंद करणारा स्विच. बॅटरीपासून फ्यूजसह जाड तार थेट दिव्यांकडे आणायची, दोन रिले बसवायचे आणि जुन्या स्विचकडे फक्त रिलेला इशारा देण्याचे काम ठेवायचे. त्यासाठी अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह पुरतो. अर्थिंगची तारही नव्याने थेट बॅटरीपर्यंत न्यावी. दर प्रत्यक्ष विचारून घ्या, पण हे काम आपल्या एका महिन्याच्या शिल्लकीत बसावे, अशी माझी अपेक्षा आहे. दिव्यातला रिफ्लेक्टर (उजेड पुढे फेकणारा आरसा) काळवंडला असेल तर मात्र कितीही व्होल्ट पोहोचवून उपयोग नाही. तेव्हा दिव्यांची जोडी बदलावी, आणि तीही साधी हॅलोजन 60/55 वॅटची. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला की झोत विखुरतो, आपल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बाजारातला 100/90 वॅटचा बल्ब तर जुन्या तारांतून दीडपटीहून अधिक प्रवाह ओढतो आणि होल्डर वितळवतो. स्वस्त आहे म्हणून तो घेऊ नका.

आता 28,000 रुपयांच्या वायरिंगविषयी. हा खर्च उजेडासाठी अनावश्यक असला, तरी सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरू शकतो. इतक्या वर्षांच्या तारांचे प्लॅस्टिक वाकवल्यावर तडकत असेल, जागोजागी टेप गुंडाळलेली असेल, तर आगीचा धोका खरा आहे आणि रिले बसवल्याने बाकीच्या तारा नव्या होत नाहीत. डॅशबोर्डच्या मागे आणि बॉनेटखाली तारा आपल्या डोळ्यांसमोर तपासून घ्या. त्यांचे प्लॅस्टिक तडकत असेल तर गाडी उभी ठेवा, आणि तेवढ्याच रकमेसाठी ठेव न मोडता तिच्यावर तारण कर्ज मागा. त्याचा दर सामान्यतः ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. तारा धडधाकट असतील, तर घाई कशाला?

कारण 46,000 रुपयांचे 16 टक्क्यांचे वर्षभराचे कर्ज म्हणजे सुमारे 4,174 रुपयांचा हप्ता आणि एकूण चार हजारांहून थोडे अधिक व्याज, शिवाय प्रक्रिया शुल्क. त्याऐवजी दरमहा 4,000 रुपये स्वतःच्या आवर्ती ठेवीत भरले, तर सातव्या महिन्यात वायरिंगचे 28,000 जमतात. मुदत ठेवीला हात लावू नये याचे कारण ती आधी मोडल्याबद्दलच्या दंडाच्या टक्क्यात नाही. दीड लाख म्हणजे आपला तीन महिन्यांचाही घरखर्च नाही, आणि पत्रावरून तरी आपल्याकडे दुसरा आपत्कालीन निधी दिसत नाही.

मित्रांच्या ‘गुंतवणूक’ या शब्दाशी मी सहमत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्यानंतर या गाडीविषयी जिव्हाळा वाढलेला दिसतो, पण जिव्हाळ्याला ठरलेला भाव नसतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने वैयक्तिक वापराची मोटार ही भांडवली मालमत्ताच नव्हे: विकताना नफा झाला तर कर नाही, आणि तोटा झाला तर तो कशातही वजा करता येत नाही. शिवाय संग्राहक मूळ अवस्थेला मान देतात. म्हणून रिलेची जोडणी मूळ तारा न कापता, केव्हाही काढता येईल अशी करून घ्या. वडिलांची गाडी म्हणून तिच्यावर खर्च करा, ते मला पूर्ण मान्य आहे; फक्त तो खर्चाच्या खात्यात लिहा.

कामाचे पक्के बिल घ्या आणि बदलाची माहिती विमा कंपनीला लेखी कळवा, कारण वायरिंगमुळे आग लागल्यास पहिला वाद त्यावरूनच होतो. आपली पॉलिसी केवळ त्रयस्थ पक्षाची असेल, तर आगीत झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान तीत मुळातच येत नाही, हेही तपासून पाहा.

आणि काम होईपर्यंत रात्र होणार असेल त्या दिवशी पद्मिनी वाईलाच ठेवून एसटीने जा. या महिन्यात आठ-दहा तिकिटांचा जो खर्च होईल, तो मी विनातक्रार मंजूर करतो.