हौद्यात बसवायच्या कॅम्परसाठी मागे एअरबॅग लावल्या, तर पिकअप जास्त वजन पेलतो का?

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आमचे एक मित्र वर्षभर असाच जड कॅम्पर घेऊन अमेरिकाभर फिरतायत, त्यांना काहीही झालेलं नाही.' हे वाक्य मी आमच्याच नात्यात इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आधी तुमचा हिशेब. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर वाहण्याची मर्यादा १,५६० पौंड, ब्रोशरमधला कॅम्पर, म्हणजे हौद्यात बसणारी राहायची केबिन, १,४८० पौंड, म्हणजे ८० पौंड हातात राहतात असं तुम्ही धरलंय. राहत नाहीत. त्या १,५६० मध्ये तुम्ही तिघंही आलात. माणसं आणि सामान मिळून, असं स्टिकरवर छापलेलंच असतं. ब्रोशरमधलं वजन कोरडं असतं: पाणी नाही, गॅस नाही, बहुतेकदा बॅटरी आणि एसीही नाही. तुम्ही तिघं आत बसलात की मर्यादा ओलांडली, अजून एक पातेलंही चढवलेलं नाही. एअरबॅग, म्हणजे मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, यातला एक पौंडही कमी करत नाहीत.

आता माझे साडू. त्यांच्याकडे पाऊण टनाचा (हे नुसतं वर्गाचं नाव, खरी क्षमता नाही) डिझेल पिकअप, चार दारांचा, आखूड हौद्याचा. जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे सगळं धरून गाडीचं कमाल वजन, १०,००० पौंड. रिकामी गाडीच ७,७६० पौंडांची, कारण डिझेल इंजिन जड असतं. तोच ट्रक पेट्रोलवर घेतला असता तर वाहायला जास्त मिळालं असतं, हे तेव्हाही सांगितलं होतं. उरले २,२४०. आणि त्यांनी घेतला २,६०० पौंड कोरड्या वजनाचा कॅम्पर. विकणाऱ्याने सांगितलं, 'सर, हा ट्रक पंधरा हजार पौंड ओढतो, अडीच हजार म्हणजे काहीच नाही.' ओढणं वेगळं, अंगावर घेणं वेगळं. ओढताना बहुतेक वजन ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर असतं. कॅम्पर हौद्यात बसवला की सगळा भार ट्रकच्याच अ‍ॅक्सलवर आणि टायरवर. विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

दोन्ही कुटुंबं मिळून डेन्व्हरहून मेसा व्हर्देला निघालो. आम्ही आमच्या गाडीत, ते चौघं ट्रकमध्ये. कॅम्पर बसवल्यावर ट्रकची मागची बाजू खाली गेली होती, म्हणून त्यांनी आठवडाभर आधी एअरबॅग लावून घेतल्या होत्या. ट्रक अगदी सरळ उभा होता. साडू मला म्हणाले, 'बघा, आता काय म्हणणं आहे तुमचं?' म्हटलं, वाटेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, आहे, पाच मिनिटं लागतील, वजन करू. ते नाराजीनेच तयार झाले.

पावतीवरचे आकडे मला पाठ आहेत. पुढचा अ‍ॅक्सल ४,५४० पौंड, मागचा ७,४४०, एकूण ११,९८०. एकूण वजन जवळपास २,००० पौंड जास्त. पण माझं लक्ष गेलं ते पुढच्या आकड्याकडे. रिकाम्या ट्रकचं वजन त्यांनी माझ्या आग्रहावरून आधी केलं होतं, तेव्हा पुढे ४,५६० होते. म्हणजे चार माणसं कॅबमध्ये बसूनही पुढची चाकं हलकीच झाली होती! हौदा आखूड असल्यामुळे कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे पडत होता, आणि त्याच्याही मागे हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या हुकावर, चार सायकली टांगलेल्या. बैलगाडीत माल मागे भरला की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं, तसंच हे. गणित सोपं आहे: अ‍ॅक्सलच्या मागे जितकं अंतर, त्याला वजनाने गुणा आणि व्हीलबेसने, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधल्या अंतराने, भागा. सायकली आणि रॅक मिळून २५० पौंड, अ‍ॅक्सलपासून ७२ इंच मागे, व्हीलबेस १६० इंच. पुढून ११२ पौंड उचलले गेले, आणि मागच्या अ‍ॅक्सलवर २५० नाही, ३६२ पडले. ज्या चाकांनी वळायचं आणि ज्यांनी थांबण्याचं बहुतेक काम करायचं, तीच हलकी.

मागे टायर होते एलटी २४५/७५ आर १७, लोड रेंज (वजन पेलण्याचा वर्ग) ई. ८० पीएसआय हवेवर एक टायर ३,१९५ पौंड पेलतो, दोन मिळून ६,३९०. त्यावर ७,४४०. मी साडूंना टायरच्या बाजूवर छापलेला आकडा दाखवला. ते म्हणाले, 'कंपन्या मार्जिन ठेवूनच लिहितात.' मी म्हटलं, ठेवत असतील, पण ते मार्जिन खड्ड्यासाठी, उन्हासाठी, हवा थोडी कमी झाली तर, यासाठी आहे. आपल्या सायकलींसाठी नाही. मग मी मेहुणीला सांगितलं की मुलं आमच्या गाडीत बसू देत, आणि पाण्याची टाकी इथेच रिकामी करा. ३० गॅलन पाणी म्हणजे २५० पौंड, आणि पाणी कॅम्पग्राउंडवर मिळतंच. मुलं आमच्याकडे आली. टाकी रिकामी केली नाही. मुलं खाली उतरवली याचा साडूंना जो राग आला तो आजतागायत गेलेला नाही. त्यांच्या मते मी सगळ्यांसमोर त्यांचा अपमान केला. मला आजही वाटतं की त्या दिवशी तेवढं एक तरी बरोबर झालं.

वाटेतला वुल्फ क्रीक पास हा घाट सुमारे १०,८५० फुटांवर आहे. पश्चिमेला पगोसा स्प्रिंग्जकडे उतरताना सहा-सात टक्क्यांचा लांब उतार आहे, ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी खडीचे रॅम्प केलेले आहेत. मी त्यांच्या मागेच होतो. प्रत्येक वळणाला कॅम्पर आधी एका बाजूला झुकायचा, मग उशिराने परत यायचा. ब्रेकचे लाल दिवे जवळजवळ सतत लागलेले. अर्ध्या उतारावर ते कडेला थांबले, ब्रेकचा जळका वास आमच्या गाडीत येत होता. मागच्या उजव्या टायरच्या बाजूला हात लावला तर ठेवता येत नव्हता. अर्धा-पाऊण तास थांबून, खालच्या गियरमध्ये, सावकाश उतरलो.

आणि पोहोचलो. काहीच झालं नाही. तेव्हापासून प्रत्येक सणाला, प्रत्येक बारशाला हेच ऐकतोय: 'काही झालं का? नाही ना?' पुढे टायर बदलायला गेले तेव्हा त्याच उजव्या टायरच्या ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावर, फुगवटा निघाला, आतला स्टीलचा पट्टा सुटायला लागला होता. त्यावर उत्तर, 'टायरच खराब होता.' जास्त वजनाने टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की तापतो, तापला की आतले थर सुटतात. हे एका ट्रिपमध्ये दिसत नाही. म्हणून तुमच्या मित्रांचं वर्षभर फिरणं हा पुरावा नाही.

एअरबॅगबद्दल राहिलंच. त्या स्प्रिंगच्या पाट्यांना मदत करतात, गाडी सरळ करतात, हेडलाइट झाडांवर न पडता रस्त्यावर पडतात. पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, रिम, टायर, ब्रेक, चासी सगळं तेच राहतं. उलट गाडी सरळ दिसली की माणूस निर्धास्त होतो. मर्यादेतल्या वजनासाठी एअरबॅग जरूर लावा, त्याला माझा विरोध नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर हा कॅम्पर तुमच्या ट्रकसाठी नाही. ग्लोव्ह बॉक्समधली कागदपत्रं काढा. कॅम्पर वाहता येईल अशा ट्रकबरोबर त्यात गुरुत्वमध्य कुठे पडायला हवा याची आकृती आणि कमाल वजन दिलेलं असतं. कॅम्परच्या बाजूलाही गुरुत्वमध्याची खूण असते, ती मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढेच यायला हवी. अर्ध्या टनाच्या ट्रकवर बहुतेकदा पॅसेंजर गाडीचे टायर असतात, आणि ते ट्रकवर लावले की त्यांची क्षमता १.१० ने भागून धरतात, हेही बघा. हलका, छत वर उचलायचा पॉप-अप मिळाला तर विचार करा. किंवा छोटा ट्रेलर ओढा, पण त्याच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हिचवर येतो आणि तो याच १,५६० मध्ये धरायचा. तुमच्या ट्रकवर नंतर झाकण किंवा पायऱ्या बसवल्या असतील तर त्यांचं वजनही स्टिकरमधून वजा करा.

ट्रकच बदलणार असाल तर मागे चार चाकांचा ड्युअली बघा, लांब हौद्याचा. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सांगा की कॅम्पर चढवून, टाकी भरून, माणसं बसवून काट्यावर नेऊ. तयार झाला नाही तर दुसरा विकणारा शोधा.