आधी प्रोसेस, मग ऑब्जेक्ट

प्रिय मित्रा,

अनेक मशीनवर चालणाऱ्या तुझ्या प्रोग्रॅमचं डिझाइन पाहिलं. ऑब्जेक्टचे (डेटा आणि त्यावर चालणारा कोड यांच्या एकत्र गठ्ठ्यांचे) चौकोन आहेत, बाण आहेत, पण कुठला ऑब्जेक्ट कुठल्या प्रोसेसमध्ये, म्हणजे कुठल्या चालू प्रोग्रॅममध्ये, राहतो, ते कुठेच दिसत नाही. प्रत्येक प्रोसेसभोवती एक जाड रेघ ओढ आणि ती ओलांडणारे बाण मोज. बाकीचं नंतर.

ऑब्जेक्टला लागणारी मेमरी प्रोसेसची, कोड चालवणारा थ्रेडही तिचाच. एका प्रोसेसमध्ये हजारो ऑब्जेक्ट नांदतात आणि ती कोसळली की सगळे एकदम जातात. त्यांना वापरणाऱ्या, दुसऱ्या मशीनवरच्या क्लायंटकडे मात्र त्यांचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, तसाच उरतो. तो पोकळ आहे हे कॉल केल्यावरच कळतं.

दुसऱ्या प्रोसेसमधल्या ऑब्जेक्टला कॉल करायच्या दोन पद्धती: 1991 मध्ये कोर्बा आलं, 1997 मध्ये जावा 1.1 बरोबर आरएमआय. दूरचा ऑब्जेक्ट जवळच्यासारखा वापरा, हे दोघांचंही आश्वासन. प्रत्यक्षात तुझ्या हाती असतो स्टब, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टचा तुझ्याकडचा प्रतिनिधी. तो आर्ग्युमेंट बाइट्समध्ये बांधून पाठवतो, पलीकडची प्रोसेस ते सोडवून खऱ्या ऑब्जेक्टची मेथड चालवते. आरएमआयमध्ये साधा ऑब्जेक्ट पाठवलास तर त्याची प्रत जाते. तिकडे त्या प्रतीत काहीही बदललं तरी तुझा मूळ ऑब्जेक्ट तसाच राहतो. एक्स्पोर्ट केलेला, म्हणजे बाहेरून कॉल घ्यायला खुला केलेला, रिमोट ऑब्जेक्ट पाठवलास तर स्टब जातो. हे नीट समजून घे, नवखी मुलं इथे फार अडकतात.

जिम वाल्डो आणि सन मायक्रोसिस्टिम्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्येच बजावलं होतं की जवळचा आणि दूरचा ऑब्जेक्ट एकसारखा मानू नका. लागणारा वेळ, मेमरी, एकाच वेळी चालणारी कामं आणि अर्धवट बिघाड, या चारही बाबतींत ते वेगळे असतात. वेळेचा उपाय सोपा आहे: सतत एकमेकांशी बोलणारे ऑब्जेक्ट एकाच प्रोसेसमध्ये ठेव, रेघेपलीकडे मोजकेच आणि भरीव कॉल जाऊ देत.

खरी काळजी अर्धवट बिघाडाची घे. पलीकडची प्रोसेस मेली, नेटवर्क तुटलं, की ती नुसती रेंगाळली आहे, हे टाइमआउटवरून, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत संपल्यावरून, सांगता येत नाही. पैसे वळते करणारा कॉल टाइमआउट झाला, तरी पैसे वळते झालेले असू शकतात. म्हणून रिमोट एक्सेप्शन (दूरचा कॉल फसल्याची सूचना) रिकाम्या कॅचमध्ये, काहीच न करता, गिळू नकोस. क्लायंटने प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने आधीचंच उत्तर परत करावं. आणि क्रमांकाची नोंद पैशांच्या नोंदीसोबत, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही नोंदी होतील किंवा एकही नाही, अशी) डेटाबेसात कर. ऑब्जेक्टमध्ये ठेवलीस तर प्रोसेसबरोबर तीही जाईल.